अकरा नग कमी

पुसेगाव,
२२ जानेवारी २०२५

ती. सुमनअक्कास,
मिराचा शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा हाय? डॉक्टरानं जिना चढू नको म्हणलं तरी तू गच्चीवर मिरच्या वाळवायला चढून राहिलीस, असं कानावर आलं. जन्मभर दवाखान्यात नर्स म्हणून सगळ्यांला दटावलंस, आता कोणाचं तरी ऐकत जा.

पत्र काहून लिहिलं ते आधी सांगते. घरातला मोबाईल मुन्नापाशी असतो, आन तो स्पीकर लावल्याशिवाय बोलू देत न्हाई. आपलं बोलणं अख्ख्या आळीला ऐकू जातं. ही गोष्ट आळीची न्हाई. मुन्नाचे बाबा सोमवारी हळदीचा भाव बघायला हिंगोलीच्या मोंढ्यात येऊन राहिले, त्यांच्यापाशी पाकीट देते. ते वाचणार न्हाईत. चष्मा म्या घरीच ठेवून घेतला.

आपल्या निलमच्या वैष्णवीचं जावळ सोळा फेब्रुवारीला ठरलं, वारंगा फाट्याला, त्यांच्याच घरी. पोरगी दीड वर्षाची झाली. निलमच्या सासूबाईंचा, रुख्मिणीबाईंचा फोन व्हता. जावळ नीट पार पडू द्या, मग निलमला दीड महिना परीक्षेसाठी माहेरी पाठवते, असं त्या आपल्या तोंडानं बोलल्या. अक्का, तिचं बी.ए.चं शेवटचं सत्र तेवढं राहिलं. पोटुशी राहिली म्हणून सुटलं ते सुटलंच. औंदा फॉर्म भरलाय. औंदा न्हाई बसली तर दुसरं लेकरू होईल, आन पुस्तकं माळ्यावरच राहतील. तिथं राहून अभ्यास व्हायचा न्हाई, दुकानातल्या गड्यांचा चहाच दिवसातून सहा वेळा ठेवावा लागतो.

आता माझी भीती ऐक. त्यांचं ट्रक-ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. खोकं आलं की फोडायचं, नग मोजायचे, मगच पोचपावतीवर सही, ही त्यांच्या घरची रीत. बारशाला आपण पाळणा नेला तवा त्याचे दोन नट कमी निघाले, तुला आठवत असंल. निलमच्या सासऱ्यांनी, संतरामभाऊंनी, आपल्या दुकानातले लावले, पण पंगतीतल्या हर माणसाला वाढता वाढता सांगितलं. त्या दिवशी म्या बुंदी पानावर तशीच ठेवली.

निलम म्हणते, कपडे नको, चांदी नको. पोरगी दिवसभर डब्यावर डबे रचती, तर ते एकात एक बसणारे प्लास्टिकचे ठोकळे आणा. तिच्या जावेचा, निताचा सुरज पाच वर्षांचा हाय, त्यालाबी द्यावं लागंल. एका घरात एका लेकराच्या हातात देऊन दुसऱ्याला बघत ठेवता येत न्हाई. मुन्नानं सेनगावच्या बाजारात हजार नगांची पिशवी बघितली, लई स्वस्त. तिथं आहेर माइकवर पुकारतात. ‘मुन्नामामाकडून हजार नग’ म्हणलं की कानाला कसं बरं वाटंल! गेल्या सालची हळद अजून विकली न्हाई, म्हणून हात राखून खर्च करायचा हाय. तू शिकलेली, तू निवड. घेऊ का ती पिशवी?

धाकटीवर माया हाय तशीच राहू दे.
तुझी,
मिरा


हिंगोली,
२८ जानेवारी २०२५

चि. सौ. मिरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. जळबाराव पाकीट देऊन दारातूनच निघाले. चहा विचारला तर म्हणाले, घाईत आहे. तुझ्या बहिणीचं तोंड चुकवायची घाई, दुसरं काही नाही. मिरच्या मी गच्चीवर नाही, खिडकीत वाळवते. बातमी देणाऱ्याला सांग, आधी स्वतःचे डोळे तपासून घे.

आता तुझ्या हजार नगांबद्दल. घेऊ नकोस. तेवढ्याच पैशांत नग जास्त येतात याचा अर्थ एवढाच की प्रत्येक नग लहान आहे. ही गोष्ट कळायला बी.ए. व्हावं लागत नाही. मी सव्वीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली. हरभरा, चिंचोका, मणी, खोडरबर, फटाक्याची टिकली, एवढं सगळं मी मुलांच्या नाकाघशातून निघताना पाहिलं आहे. एकदा निघालं नाही, तेही पाहिलं आहे. त्या बाईने हातातलं खेळणं मला दाखवून विचारलं होतं, ‘सिस्टर, एवढंसं तर होतं ना?’ एवढंसं होतं म्हणूनच, मिरा.

माझ्याकडे जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची काळी डबी आहे, मी तिच्यात लवंगा ठेवते. जी वस्तू त्या डबीत पूर्ण मावते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही. आमच्या वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी घालून दिलेला नियम आहे. मी तो गेल्या निवडणुकीत मतदान केंद्रावरसुद्धा एका बाईला ऐकवला.

तुझं पत्र आल्यावर मी लगेच बाजारात जाऊन आले. रिक्षाने गेले, गुडघ्याची काळजी करू नकोस. पहिल्या दुकानात परदेशी कंपनीचा डबा होता. किंमत एक क्विंटल सोयाबीनची आणि वर चित्र अंतराळयानाचं. दीड वर्षाच्या मुलीला अंतराळात कशाला पाठवायचं? तिच्या आईला आधी वारंग्याहून परीक्षेला हिंगोलीपर्यंत पाठवा म्हणावं. दुसऱ्या दुकानातला माणूस म्हणाला, मॅडम, हे फुटतच नाही, आणि त्याने ठोकळा फरशीवर आपटून दाखवला. त्याचे तीन तुकडे झाले. तो म्हणाला, हा पीस तसा होता. मी म्हटलं, माणूसही तसाच आहे.

अजून दोन दुकानं बघायची आहेत. माइकचं मला सांगू नकोस. मिशनच्या बोर्डिंग शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, भेट घेणाऱ्याकडे बघून निवडावी, बघणाऱ्यांकडे बघून नाही. हे सुभाषित रुख्मिणीबाईंच्या माइकवर पुकारलं तर मी स्वतः येऊन टाळ्या वाजवीन.

निलमला सांग, वाचन सुरू ठेव. सहाव्या चहाला गड्यांना आपल्या हाताने पाणी उकळता येतं.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझी अक्का,
सुमन


पुसेगाव,
२ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
मिराचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा रागानं आन एकदा हसत. तुला बोर्डिंगात सिस्टरनं शिकवलं, मला इथं सासूनं. बाबांनी दोघींच्या शाळा वेगळ्या ठेवल्या, त्याला मी काय करू? माइक ऐकू नको म्हणायला तुला सोपं. तू हिंगोलीत बसतीस. तिथं बायांमधी मांडी घालून मला बसावं लागतं, आन कोणी ‘कोणाकडून काय आलं गं’ असं म्हणलं की सगळ्या माझ्याकडं बघतात.

एक चूक झाली, ती आधीच सांगते. तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी मुन्ना ती हजाराची पिशवी घेऊनच आला. चांगली रंगीत हाय. पिशवी या पत्रासंगं पाठवून राहिले. तू तुझ्या डबीत टाकून बघ, आन दहा-वीस लहान नग असले तर काढून बाकीचे चालतात का ते सांग. न्हाई चालले तर दुसरे तूच घे. पैसे मुन्नाच्या बाबांपाशी दिलेत. पण अक्का, नग बरे मोठ्या आकड्याचे बघ. आन खोकं कोरं पाहिजे. त्यांच्या घरात खोकं बघतात, पाळण्याचं ध्यानात ठेव.

निलमचा काल फोन आला. हळू बोलत व्हती. पुस्तकं साडीत गुंडाळून ट्रंकेवर ठेवलीत म्हणे, निघायला तकलीफ नको म्हणून. जावळालाच अजून पंधरा दिवस हायेत, आन पोरगी आतापासून बांधून बसली.

हळद काढणं सुरू झालं. हात पिवळे झालेत, कागदावर डाग दिसतील. ते प्रेमाचे समज.

बोल लावलेस तरी लोभ ठेव.
तुझी,
मिरा


हिंगोली,
१० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मिरास,
अनेक आशीर्वाद.

पिशवी मिळाली. ‘दहा-वीस लहान नग’ म्हणालीस ना? डबीत एका वेळी चार-चार मावले, आणि उरलेल्या लवंगांनाही जागा राहिली. पिशवी उघडली तर रॉकेलसारखा वास खोलीभर. एक ठोकळा दुसऱ्यात बसवला तर निघेना, तिसऱ्यात बसवला तर बसेना. काठ इतके धारदार की माझं बोट कापलं. पिशवी मी परत पाठवणार नाही. मुन्नाला सांग, आत्याच्या नाहीतर मावशीच्या, कोणाच्या तरी अकलेने बाजार करत जा.

आता काय घेतलं ते ऐक. मोंढ्यामागच्या गल्लीत वह्या-पुस्तकांचं एक जुनं दुकान आहे. मालक म्हातारे, कमी बोलतात, म्हणून मला आवडले. त्यांनी नमुन्याचा डबा माझ्यासमोर ओतला आणि म्हणाले, बाई, तुम्हीच बघा. मी सहा ठोकळे एकावर एक लावले आणि फक्त वरचा धरून उचलला. सगळे उचलले गेले. मग वैष्णवीएवढ्या हाताने ओढल्यासारखे दोन बोटांनी ओढले, निघाले. गालावरून फिरवले, बोचले नाहीत. वास नाही. खाली सरकारी खूण आहे. ठोकळा माझ्या मुठीत जेमतेम बसतो, डबीत कोपराही जात नाही. देशी कंपनीचा माल आहे. परदेशी डब्याच्या चौथ्या हिश्शात दोन डबे आले, एक वैष्णवीला, एक सुरजला. मुद्दाम एकाच कंपनीचे घेतले, म्हणजे त्याचे तिच्यात बसतील. वेगवेगळ्या कंपनीचे घेतले असते तर दोघं भांडत बसली असती आणि तुम्ही बायका त्यांच्या नावाने.

डब्यावर साठ-साठ लिहिलं आहे. माइकवर सांगायचंच असेल तर एकशेवीस पुकारा आणि तुझा जीव थंड कर.

दोन्ही डबे मी माझ्या पद्धतीने तपासून बंद केले आहेत. आता ते उघडायचे नाहीत, हलवून बघायचे नाहीत, आणि शेजारच्या पोरांना दाखवायचे नाहीत. नेऊन द्यायचे. ठोकळे धुवायचे झाले तर साबणाच्या कोमट पाण्याने धुवावेत, उकळत्या पाण्यात वाकतात, एवढं मात्र निताला सांग.

मला यायला जमणार नाही. जीपची पायरी माझ्या गुडघ्याला मान्य नाही. मुन्नाला भाचीला मांडीवर नीट धरायला सांग, आणि केस कापणाऱ्याची कात्री आधी गरम पाण्यातून काढून घ्यायला लाव. ते चार माणसांत सांगायची लाज वाटली तर माझं नाव सांग. माझी ख्याती वाईटच आहे.

इकडची ओढ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
अक्का


पुसेगाव,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
मिराचा नमस्कार.

अक्का, घात झाला.

जावळ चांगलं झालं. वैष्णवी रडली, मग मुन्नाच्या खिशातला पेन घेऊन गप बसली. माइकवर पुकारलं, ‘पुसेगावच्या मामाकडून एकशेवीस नगांचे ठोकळे, दोन्ही लेकरांला बराबर.’ सुरज आपला डबा डोक्यावर घेऊन नाचला. चार बाया मला म्हणल्या, छान आणलं. मी मनात म्हणलं, अक्का जिंकली.

पाहुणे गेले. मग संतरामभाऊंनी दोन्ही डबे पुढं घेतले. वाईट मनानं न्हाई, सवय हाय त्यांची. उघडायला गेले तर झाकणावर पांढरी पट्टी. कंपनीची सीलपट्टी कापलेली, आन वर ही दुसरी. निता सासूला म्हणली, ‘आत्याबाई, ही तर दवाखान्यातली चिकटपट्टी हाय.’ भाऊंनी नग मोजले. सुरजच्यात चोपन्न, वैष्णवीच्यात पंचावन्न. पुन्हा मोजले. एकशेवीस पुकारले, एकशेनऊ भरले. अकरा कमी.

अक्का, ते काय समजले ते ऐक. त्यांला वाटलं, तू दवाखान्यातून आणलेली खेळणी हायेत. आजारी लेकरांनी खेळलेली, म्हणून नग हरवलेले, म्हणून दवाखान्याची पट्टी. रुख्मिणीबाई उठल्या. सुरजच्या हातातला ठोकळा काढून घेतला, दोन्ही लेकरांचे हात साबणानं धुतले, आन डबे माळ्यावर टाकले.

मी घाबरले, आन तोंडातून निघून गेलं की दुकानदारानं फसवलं. ती अजूनच मोठी चूक झाली. संतरामभाऊ म्हणले, मग बिल द्या, दुकानाचं नाव सांगा, मी गुरुवारी हिंगोलीला चाललोच हाय, त्याला बघून घेतो. मी म्हणलं, बिल अक्कापाशी हाय.

निलमचं विचारलं तर विकास जावई खाली बघून म्हणले, एवढ्यात न्हाई, नंतर बघू. सासूबाई म्हणल्या, ‘आधी नगाचा मेळ लागू द्या.’ निलम भांडी घासत व्हती. जीपपर्यंत सोडायला आली तवा एवढंच बोलली की, आई, ट्रंकेवरची पुस्तकं आज खाली ठेवली.

तू डबे उघडले व्हते काय? ते अकरा नग कुठं हायेत? खरं सांग. मुन्नाचे बाबा उद्या सकाळी हे पाकीट घेऊन येऊन राहिले, उत्तर त्यांच्यापाशीच दे.

मिरा


हिंगोली,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मिरास,
आशीर्वाद.

अकरा नग माझ्याकडे आहेत. चाकांच्या सहा टोप्या, तीन झेंडे, बाहुल्याची एक टोपी आणि एक दिवा. नमुन्याच्या डब्यात ते नव्हते. घरी येऊन दोन्ही डबे उघडले तेव्हा प्रत्येकाच्या तळाशी एकेका पुडीत निघाले. अकराही डबीत मावले. म्हणून काढून घेतले, आणि हाताशी जी पट्टी होती ती लावली. तुला सांगितलं असतं तर तू कोऱ्या खोक्यासाठी वाद घातला असतास, म्हणून सांगितलं नाही.

तू पाळण्याची आठवण दिली होतीस. मी ती वाचली आणि सोडून दिली. चूक माझी आहे. हे पत्र जपून ठेव, असं दुसरं मिळणार नाही.

दुकानदाराचं नाव घेतलंस ते मात्र ताबडतोब मागे घे. त्या म्हाताऱ्याने मला ठोकळे ओतून दाखवले, आणि आपण त्याच्या दारात भांडायला माणूस पाठवायचा? मुन्नाला आजच फोन करायला लाव. स्पीकर लावला तरी चालेल, आळीला ऐकू दे. संतरामरावांना एवढंच सांग, की गुरुवारी दुकानात जाऊ नका, अक्काचं पत्र येत आहे.

रुख्मिणीबाईंना मी आजच लिहिते. मध्ये पडू नकोस.

तुझी,
अक्का


हिंगोली,
१९ फेब्रुवारी २०२५

सौ. रुख्मिणीबाई विहीणबाई यांस,
सुमनचा स. न. वि. वि.

आपली भेट निलमच्या लग्नात झाली होती. तेव्हा मी तुमच्या आचाऱ्याला हात धुवायला लावले होते, त्यावरून मी आठवेन.

या पत्रासोबत एक काळी डबी आणि एका पुडीत अकरा नग पाठवत आहे. मोजून घ्यावेत. डब्यांतून ते मी काढले. मिराला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ती दुकानदाराबद्दल बोलली ते भीतीने बोलली. दुकानदार सचोटीचा माणूस आहे. सोबत बिल आहे, तारखेसह. ठोकळे नवे आहेत. दवाखान्यातून मी निवृत्तीच्या दिवशी एक नारळ आणि एक शाल सोडून काही आणलेलं नाही. हा संशय मला फार लागला, पण पट्टी मीच लावली, त्यामुळे राग कोणावर काढावा ते कळेना.

नग काढल्याबद्दल मी माफी मागणार नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा काढीन. ते एकेक नग या डबीत टाकून बघा. जे डबीत मावतं ते दीड वर्षाच्या मुलीच्या घशात अडकतं. सुरज पाच वर्षांचा आहे, त्याला ते चालले असते. पण एका घरात दोन मुलं असली की खेळणी काही वाटण्या पाळत नाहीत. वैष्णवीने चाकाची टोपी तोंडात टाकली असती तर तुम्हाला वारंगा फाट्यावरून कुठलाही दवाखाना गाठायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तिच्याकडे नसता. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. मी ते पाहिलं आहे.

माफी मागते ती न सांगितल्याबद्दल. तुमच्या घरी माल मोजून घेतात हे मला माहीत होतं. मोजणं म्हणजे संशय, असं मी धरून चालले आणि तुमच्या रीतीला हसले. उघडलेला डबा बंद करून कोरा म्हणून पाठवणं ही लबाडी आहे, हेतू कितीही चांगला असो. शाळेत आम्हाला अशा गोष्टीसाठी गुडघ्यांवर उभं करत. आता गुडघा त्या कामाचा राहिला नाही, म्हणून पत्र.

एक गोष्ट मागते. माझ्या अकरा नगांचा मेळ निलमच्या परीक्षेशी घालू नका. मार्चमध्ये पुसेगावात अंगणात हळद शिजते, उकळत्या कढया असतात, तिथे लहान मूल नको हे तुमचं म्हणणं असेल तर मलाही पटतं. तिला माझ्याकडे हिंगोलीला पाठवा. परीक्षेचं केंद्र चालत दहा मिनिटांवर आहे. ती वाचेल, मी मुलगी सांभाळीन. मुलं सांभाळण्याचं माझं शिक्षण सरकारी खर्चाने झालं आहे, ते वाया जाऊ नये.

हो किंवा नाही, जे असेल ते मलाच लिहा. निलमला ऐकवू नका.

आपला राग संपला की लोभाला जागा द्यावी.
आपली,
सुमन


वारंगा फाटा,
२५ फेब्रुवारी २०२५

श्रीमती सुमनताई विहीणबाईंस,
रुख्मिणीचा रामराम. वि. वि.

पत्र, बिल, डबी आन अकरा नग बराबर पोचले. आमच्या मालकांनी मोजले, म्याबी मोजले.

आचाऱ्याची गोष्ट ध्यानात हाय. तो अजून तुमचं नाव काढतो. काय म्हणून काढतो ते लिहीत न्हाई.

तुमी रागानं लिहिलं, पण खरं लिहिलं. मग आता माझंबी खरं ऐका. नग कमी निघाले म्हणून मी रागावले न्हाई. आमच्या धंद्यात नग कमी असतोच. पण ज्यानं खोकं उघडलं त्यानं आत चिठ्ठी टाकायची, इतके नग काढले, या कारणानं काढले, खाली सही. चिठ्ठी असली की आमी काही विचारत न्हाई. चिठ्ठी न्हाई आन पट्टी चिकटवलेली, तर तो माल आमी दुकानात चढवत न्हाई. तुमी एवढ्या शिकलेल्या, एक चिठ्ठी टाकायला काहून जड गेलं? पाळण्याच्या दोन नटांचं मात्र मालकांनी पंगतीत बोलायला नको व्हतं. ते मी त्यांला त्याच रात्री बोलले व्हते. मिराबाईंला हे कळवा.

डबीत अकराही नग टाकून बघितले. मावले. मग म्हणलं, घरात अजून काय काय मावतंय ते बघावं. डबी घेऊन दुकानापासून चुलीपर्यंत फिरले. बेरिंगच्या गोळ्या मावल्या. ट्यूबच्या वॉल्वच्या टोप्या मावल्या. वॉशर, नट, खिळे, सगळं मावलं. आन हे सगळं कुठं, तर वैष्णवी रांगती-चालती त्याच फरशीवर, खालच्या फळीवर. मालक आधी हसले. मग त्यांच्याच सदऱ्याच्या खिशातून तीन टोप्या फरशीवर पडल्या, आन पोरगी त्याकडं धावली. तवा हसायचे थांबले. दोन दिवस दुकान अर्धं बंद ठेवून खालच्या सगळ्या फळ्या रिकाम्या केल्या. गडी लोक तुमचं नाव काढून राहिले, आचाऱ्यासारखंच.

ठोकळे माळ्यावरून काढले, साबणाच्या कोमट पाण्यानं धुतले, दोघांला दिले. सुरजनं दोन्ही डबे एकत्र करून ट्रक केला. वैष्णवी तो मोडती, तो पुन्हा करतो. अकरा नग मी कपाटात ठेवले, वर कागद लावला, वैष्णवी तीन वर्षांची झाल्यावर सुरजला द्यायचे म्हणून. डबी परत मागू नका. लवंगांला दुसरं काही बघा.

निलमला शनिवारी, एक मार्चला पाठवून राहिले. विकास जीपनं तुमच्या दारात आणून सोडंल. ‘आधी मेळ लागू द्या’ म्हणले व्हते, आता लागला. गड्यांचा चहा दीड महिना मी ठेवीन. सहाचे तीन केले, कोणी मेलं न्हाई. पोरीला रात्री कानाला फडकं बांधल्याशिवाय झोप येत न्हाई, आन तिला दुधात साखर देऊ नका, मागून घेईल, तरी देऊ नका.

विकासपाशी चिठ्ठी दिली हाय. तिच्यावर लिहिलंय: सून एक, नात एक, पुस्तकांच्या पिशव्या तीन, ठोकळ्यांचा डबा एक, आत नग पंचावन्न. माणसांला मोजती म्हणून रागावू नका. आमच्याकडं जे परत यावं वाटतं त्याचीच चिठ्ठी करतात. मोजून घ्या, सही करा, चिठ्ठी त्याच्यापाशी परत द्या. परीक्षा झाली की सगळं याच आकड्यानं इकडं आलं पाहिजे. निकालाचा कागद मागाहून टपालानं आला तरी चालंल. तो चिठ्ठीत धरला न्हाई, तो वरचा. त्याची पोचपावती मी स्वतः देईन.

लोभ कुठं कमी भरला तर कळवा, इकडून भरून देऊ.
आपली विहीण,
रुख्मिणी